मुख्य कोण?

कुठल्याही कचेरीत शिरलं की सामंतसाहेब आधी एकच प्रश्न विचारायचे, "इथला मुख्य कोण?" इमिग्रेशन असो, बँक असो, मुलीची शाळा असो. मुख्य सापडला की त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे, खजुराचा डबा पुढे सरकवायचे आणि मग कामाचं बोलायचे. "बाई, पायरीवर कशाला थांबायचं? सरळ गाभाऱ्यात जायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमिरातीत त्यांची अर्धी नोकरी याच धोरणावर सुरळीत गेली होती.

उम्म अल कुवैनच्या कोळंबीच्या कारखान्यात ते क्वालिटी बघायचे आणि मी एक्सपोर्टची कागदपत्रं. मी अल नहदाहून कंपनीच्या व्हॅनने यायची. ते मूळचे मालवणचे. पायात कायम पांढरे गमबूट. दिवाळीला आमच्याकडे जेवायला आले तेव्हाही दारात गमबूटच काढले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. युरोपातून तपासनीस आले, आमच्या बर्फाच्या मशीनचं पाणी नापास झालं आणि कारखान्याचं नाव त्यांच्या मान्य यादीतून निघालं. आमचा जवळपास सगळा माल युरोपात जायचा. सामंतांनी पाइप बदलले, फिल्टर बसवले, पाणी पुन्हा तपासून पास करून घेतलं. इथल्या सरकारी खात्याने तसं युरोपला कळवलंही. पण नाव परत लागायचं तर तपासनिसांनी पुन्हा यायला हवं, आणि त्यांची पुढची फेरी ठरलेली नव्हती.

मालक सरळ माणूस. त्यांनी हिंदीत सांगितलं, "सामंत, सीझन तक देखेंगे. फिर खलास."

सामंतांची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. कारखाना बंद म्हणजे त्यांचा व्हिसा रद्द, त्याच्यावरचे बायकोचे आणि मुलीचेही रद्द. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड उचलायचं. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवा व्हिसा द्यायला कोण बसलं होतं?

"तिकडचा मुख्य कोण?" त्यांनी मला विचारलं. मी बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, एवढ्यावर भिस्त.

मी सांगितलं. युरोपात कायदे सुचवतो तो आयोग. लोकांनी निवडलेली संसद आणि सगळ्या देशांच्या मंत्र्यांची परिषद, दोघी मिळून बहुतेक गोष्टी ठरवतात. ठरलेलं पुन्हा आयोगच राबवतो. आपली यादी आयोगाकडे, पण तीसुद्धा देशोदेशीच्या अधिकाऱ्यांच्या समितीला विचारून.

"म्हणजे मुख्य कुणीच नाही?"

"सगळे थोडे थोडे."

"आणि भांडले तर?"

"कोर्ट आहे. ते तिसऱ्या गावात."

संसद दर महिन्याला कागदांच्या पेट्या भरून ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जाते आणि आठवडा संपायच्या आत परत येते, हे ऐकून ते बऱ्याच दिवसांनी हसले. "दोन बायकांचा दादला झाला की हा."

आमचं गिऱ्हाईक यान हॉलंडचा. त्याने फोनवर वाट दाखवली. संसदेकडे कुणालाही अर्ज करता येतो, मात्र अर्जदार तिथला नागरिक, तिथला रहिवासी किंवा तिथली कंपनी हवी. सामंत यापैकी काहीच नव्हते. अमिरातीत मत नाही, भारतातल्या मतदारयादीत नाव नाही, आता अर्जही दुसऱ्याच्या नावाने. मला वाटलं खचतील. ते म्हणाले, "असूंदे. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं मानकरीच घालतो. आपण मागे उभं राहून 'होय महाराजा' म्हणायचं."

यानच्या कंपनीने अर्ज केला. पाणी पास आहे, पुन्हा येऊन पाहा, असा मजकूर सामंतांचा, टायपिंग माझं. मला न सांगता त्यांनी यानच्या देशातल्या संसदेवरच्या एका सदस्याबाईंना उत्तम खजुराचा डबा कुरिअरने पाठवला. रिकाम्या हाताने जायचं कसं?

डबा न उघडता परत आला. सोबत सभ्य चिठ्ठी: भेट घेता येत नाही, अर्ज मात्र नोंदला गेला आहे, संसदेची अर्ज-समिती आयोगाला विचारील.

"गेलं काम," डबा मांडीवर घेऊन सामंत म्हणाले.

"उलट आहे. भेट न घेताच काम घेतलंय."

"असं कुठं असतं, बाई? आणि नुसतं विचारणार? हुकूम का नाही देत?"

"संसद विचारते. आयोगाला उत्तर द्यावं लागतं."

"कधी?"

आमच्यासारखे अर्ज ढिगाने, आणि रांग म्हणजे रांग.

कोळंबी यायची थांबली. सामंत तरी रोज सकाळी बर्फाचं मशीन चालू करायचे. तयार झालेला बर्फ अंगणात ओतायचे, तो दुपारपर्यंत वाळूत जिरायचा. त्यातला एक खडा तोंडात टाकून उभे राहायचे. "अचानक आले तर मशीन बंद नको दिसायला," म्हणायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन फॅक्सकडे बघायचे. मी नाही म्हणून मान हलवायची.

सीझन संपला. शेवटच्या दिवशी त्यांनी तोच डबा फोडून सगळ्यांना खजूर वाटला. मुलगी बापाला म्हणाली, "इट्स ओके बाबा, आय विल मॅनेज." पण तिचं वर्ष गेलंच. गमबूट त्यांनी मशीनच्या बाजूला धुऊन ठेवले आणि चपलेवर विमानतळावर गेले.

दप्तर आवरायला मालकांनी मला ठेवलं होतं. अर्धाअधिक रॅक रिकामा झाल्यावर यानचा फॅक्स आला. आयोगाने समितीला उत्तर दिलं होतं: मुद्दा रास्त आहे, पुढच्या फेरीत हा कारखाना पाहण्यात येईल. मी मालवणला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"पूर्ण वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे विचारलं त्यांनी."

"विचारलं."

मग त्यांनी कारखान्यातल्या मशिनरीचं विचारलं.

"सगळं रास अल खोरच्या भंगारवाल्याने नेलं."

"बर्फाचं मशीनसुद्धा?"

"तेही."

"पाणी पास होतं हो त्याचं, बाई," सामंत म्हणाले, आणि फोन बायकोच्या हातात दिला.