टून यांचे कान आणि मीराचा ड्रम

१३ एप्रिल २०२१, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. न्यूनेनमधल्या माझ्या क्लिनिकचे दार मी नुकतेच उघडले होते, आणि फोन वाजला. पलीकडे अनघा होती.

"काका, आज साडेदहाला टूनची अपॉइंटमेंट आहे ना? एक विनंती आहे. त्यांना सांगा, मशीन बिघडलंय."

"बिघडलंय का?"

"मला काय माहीत. पण तुम्ही तसं सांगा."

"बिघडलं असेल तर सांगेन."

"आणि नसेल तर?"

"तर नाही सांगणार."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. बरं, मीराला बरोबर आणते. तिचे हात बघा आणि मग ठरवा."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासतो आणि श्रवणयंत्रे, म्हणजे लोक ज्याला कानाचे मशीन म्हणतात ती, बसवून देतो. पुण्यातली काही वर्षे सोडली तर सगळी नोकरी इथे नेदरलँड्समध्ये झाली. रुग्णाच्या घरचे लोक अशा विनंत्या नेहमीच करतात. आईला सांगा की टीव्हीचा आवाज मोठा ठेवू नकोस. बाबांना सांगा की गाडी चालवू नका. मी ऐकून घेतो आणि तपासणीत जे दिसेल तेच सांगतो.

अनघा मूळची नाशिकची. आइंडहोवेनला चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करते; कोरोनाच्या त्या काळात स्वयंपाकघरातल्या टेबलावरून करत होती. नवरा इथलाच. टून हे तिचे सासरे, वय सत्याहत्तर. सासऱ्यांना ती नावाने हाक मारते. इथली रीत तशी आहे. नाशिकला तिच्या आईला मात्र ते अजून मान्य झालेले नाही. मीरा तिची मुलगी, सोळा वर्षांची. मराठी सगळे समजते, उत्तर डचमध्ये देते.

टून दहाव्या वर्षी गावच्या ड्रमबँडमध्ये गेले. ड्रमबँड म्हणजे पायांची शिस्त राखत, रांगा बदलत वाजवणारे ड्रमचे पथक. त्यांच्या स्पर्धा होतात आणि त्या इथल्या गावांत फार मनावर घेतल्या जातात. पुढे पन्नास वर्षे टून यांनी स्नेअर ड्रमची रांग शिकवली. स्नेअर ड्रमच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात. त्यामुळे त्याचा आवाज कडक आणि कोरडा येतो. अशा आवाजाजवळ साठ वर्षांहून अधिक काळ उभे राहिल्यावर कानांचे जे व्हायचे तेच झाले होते. ते स्वतः मान्य करत नव्हते. मग मास्क आले. समोरच्याचे ओठ झाकले गेले आणि आपण इतकी वर्षे कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकत होतो, हे टून यांच्या लक्षात आले. असे रुग्ण त्या वर्षी माझ्याकडे पुष्कळ आले. जानेवारीत मी त्यांना दोन्ही कानांत यंत्रे बसवून दिली.

अनघाची तक्रार अशी होती. त्या वर्षी मैदान नाही, हॉल नाही, एकत्र सराव नाही. स्पर्धा व्हिडिओवर होणार होती. रांगेत मधोमध उभा राहणारा वादक आधी घरी एकट्याने आपला भाग रेकॉर्ड करणार, आणि बाकीचे तो कानाला लावून त्यावर आपापला भाग वाजवणार. म्हणजे मधली जागा चुकली की सगळी रांग चुकली. ती जागा मीराला मिळेल असे सगळे धरून चालले होते. निवड टून यांच्या हातात होती आणि ते नाही म्हणत होते. रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी पाठवायचे होते.

"तिचा रोल टिकत नाही," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले. रोल म्हणजे दोन्ही काठ्या इतक्या जलद पडतात की सुटे ठोके ऐकू न येता आवाज सलग होतो. "सुरुवात चांगली करते. अर्ध्यात हात गळतात. मी तीन महिने सांगतो आहे, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही हे त्यांना अनेकदा सांगून झाले होते.

अनघा आणि मीरा दाराशी उभ्या होत्या. खोलीत रुग्ण आणि मी, एवढ्यांनाच परवानगी होती. मीराने हात जॅकेटच्या खिशात ठेवले होते.

"दाखव," अनघा मराठीत म्हणाली.

मीराने तळवे उघडले. दोन्ही हातांना अंगठ्याच्या आतल्या बाजूला पट्ट्या होत्या. एक पट्टी ओली होती.

"रविवारी काठ्या कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या हिने," अनघा म्हणाली. "मीच काढून ठेवल्या. म्हणते, बँड सोडणार."

"लाकूड कागदाच्या डब्यात टाकत नाहीत," टून म्हणाले. मराठी शब्द कळले नसले तरी हातवारे त्यांना कळले होते.

मीरा भिंतीकडे बघत राहिली.

मी काम सुरू केले. कानात मळ नव्हता. ऑडिओग्रॅम, म्हणजे कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो त्याचा आलेख, जानेवारीसारखाच होता. यंत्रे टेस्ट बॉक्समध्ये ठेवली. हा एक छोटा बंद डबा असतो. आत ठरावीक आवाज सोडतात आणि यंत्र तो किती वाढवते हे मोजतात. दोन्ही यंत्रे बरोबर होती.

"यंत्र ठीक आहे," मी सांगितले.

"मी तेच म्हणत होतो," टून म्हणाले.

दाराबाहेर अनघाने डोळे मिटून घेतले. इथे थांबलो असतो तर माझा रिपोर्ट बरोबर ठरला असता. पण त्या मुलीच्या तळव्यांचा आणि त्या रिपोर्टचा मेळ बसत नव्हता. हात गळणाऱ्या माणसाला असे फोड येत नाहीत. तो त्याआधीच थांबतो.

"ड्रम आणला आहे का?" मी विचारले.

"गाडीत आहे."

"मागच्या पार्किंगमध्ये चला."

बाहेर मास्क काढता आले. मीराने खांद्यांवर पट्टे चढवून ड्रम पुढे अडकवला. टून जवळ जाऊन त्याच्या वरच्या पडद्यावर नखाने टकटक करू लागले.

"टेबलासारखा," ते मला म्हणाले. "बंदुकीच्या गोळ्या अडवणाऱ्या जॅकेटला जे कापड वापरतात, ते. आमच्या वेळी वासराचं कातडं होतं. पाऊस पडला की सैल व्हायचं. शेगडीजवळ धरून तापवायचो. रोल असा यायचा, जसं कुणी चादर ओढतंय. यांचा येतो तो वाटाणे सांडल्यासारखा."

"वाटाणे मोजता येतात, ओपा," मीरा म्हणाली. ओपा म्हणजे आजोबा. त्या दिवशी मी ऐकलेले तिचे हे पहिले वाक्य.

"आमच्या वेळी परीक्षक मोजायचे. रांगेतून चालत यायचे, हातात पाटी. एक चूक, एक गुण वजा. आता वर बसतात आणि काय आवडलं ते सांगतात."

"आणि आता मुलीही वाजवतात," अनघा म्हणाली.

"ते सुधारलं," टून म्हणाले.

माझे लक्ष मीराच्या कानांकडे होते. "तुझे प्लग कुठे आहेत?" मी विचारले. दोन वर्षांपूर्वी तिला कानांच्या मापाचे प्लग मीच करून दिले होते.

तिने आजोबांकडे पाहिले. उत्तर त्यांनीच दिले. "कान बंद केले की हात आळशी होतात. आमच्याकडे कुणी कापूस घातला तर पोरं हसायची."

"ज्यांना तेव्हा कुणी हसलं नाही, त्याच कानांची तपासणी करतो आहे मी," मी म्हणालो.

मीराला मी कागदी रुमालाचे बोळे दिले, तात्पुरते.

मग टून यांना तिच्याकडे पाठ करून उभे केले. माणूस डोळ्यांनी ऐकतो आणि मला ते नको होते. रोल विझला असे वाटेल तेव्हा बोट वर करा, असे सांगितले. मीराने सुरुवात केली. शेजारच्या बेकरीबाहेर दीड मीटर अंतर राखून उभी असलेली रांग आमच्याकडे वळून बघू लागली. रोल भरीव होता आणि एका उंचीवर चालला होता. काही सेकंदांनी टून यांचे बोट वर गेले. माझ्या कानांना त्या क्षणी काहीही बदललेले जाणवले नाही. काठ्यांची उंचीही तीच होती.

"पुन्हा," मी म्हणालो. बोट पुन्हा जवळजवळ त्याच जागी वर गेले.

"आता यंत्रे काढा."

"मग मला काय ऐकू येणार?"

"जे येईल ते ऐका."

त्यांनी यंत्रे काढून माझ्या हातात दिली. मीराने तिसऱ्यांदा रोल घेतला. बोट वर गेले नाही. तिने तो लांबवला. ती आता रागाने वाजवत होती आणि चांगले वाजवत होती. बोट खालीच होते. तिने काठ्या उचलल्या त्या क्षणी ते वर गेले.

टून वळले. यंत्रे अजून माझ्या हातात होती. बोललो असतो तरी त्यांना नीट ऐकू आले नसते.

"लांबून येत होता," ते जरा मोठ्याने म्हणाले. "पातळ. पण शेवटपर्यंत होता."

काय घडत होते ते सोपे आहे. श्रवणयंत्र बोलणे ऐकण्यासाठी बनवलेले असते. बोलण्यात चढउतार असतात, मध्ये जागा असतात. जो आवाज सलग आणि एकसारखा येतो, तो पंख्याचा किंवा व्हॅक्यूम क्लीनरचा आहे असे यंत्र धरते आणि काही सेकंदांत दाबून टाकते. याला नॉइज रिडक्शन म्हणतात. सर्वांना ते हवे असते, म्हणून ते चालू ठेवूनच यंत्र देतात. रोल जितका सलग, तितका यंत्राला तो व्हॅक्यूम क्लीनर वाटणार. मीरा जितकी सुधारत होती, तितका तिचा रोल आजोबांच्या कानांत लवकर विझत होता.

हॉलमध्ये सराव चालू असता तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे रोल विझले असते, आणि टून यांनी यंत्र माझ्या टेबलावर आणून आपटले असते. पण जानेवारीपासून त्यांनी एकच ड्रम ऐकला होता. घरच्या गॅरेजमधला.

मी हे त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि मीरासमोर जाऊन उभे राहिले. दीड मीटरचे अंतर त्या वेळी कुणी पाळले नाही. ते एकाच घरात राहत होते. त्यांनी तिचे दोन्ही हात उलटे केले. ओल्या पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबून बसवली. ती पुन्हा सुटली. त्यांनी पुन्हा दाबली.

मी आत जाऊन यंत्रे लॅपटॉपला जोडली. त्यांच्यात तीन प्रोग्राम होते: घर, गर्दी, टीव्ही. चौथा तयार केला. त्यात नॉइज रिडक्शन बंद केले. ताट आपटल्यासारखा अचानक येणारा आवाज दाबणारी सोयही बंद केली, कारण स्नेअरचा सुटा ठोका यंत्राला ताटासारखाच वाटतो. वरची मर्यादा मात्र ठेवली. उरलेले कान तरी राहावेत. कानामागचे बटण दाबले की हा प्रोग्राम लागेल अशी सोय केली.

बाहेर आलो. टून यांनी यंत्रे घातली, बटण दाबले आणि सांगण्यापूर्वीच स्वतःहून पाठ केली. मीराने रोल घेतला. तो संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"फार कोरडा," ते म्हणाले.

मीराची मान खाली गेली.

"ते कापडच कोरडं आहे, तुझी चूक नाही," ते म्हणाले. "तुझी खरी चूक आता ऐकू आली. डावा हात उजव्यापेक्षा जड पडतो. पहिल्या ठोक्यापासून."

"ते मला माहीत आहे, ओपा."

"मग?"

"तुम्ही कधी बोललाच नाहीत."

"ऐकूच आलं नव्हतं," टून म्हणाले.

ती हसली. मग त्यांनी फोन काढून बँडप्रमुखाला लावला. मधली जागा मीराची, रेकॉर्डिंग संध्याकाळी येईल, एवढे सांगून फोन ठेवला.

मी मीराला आत बोलावले. या वेळी खोलीत ती आणि मी, आणि टून बाहेर थांबले. कान वाढत्या वयात बदलतात. तिचे जुने प्लग आता सैल बसले असते. नव्या प्लगचा साचा घेण्यासाठी कानात स्पंजचा छोटा तुकडा ठेवून गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत हलायचे किंवा बोलायचे नसते. काचेतून बाहेरचे दिसत होते. टून दोन्ही हातांनी तिचा ड्रम पोटाशी धरून उभे होते. खाली ठेवायला जागा भरपूर होती.

अनघा दारातून वाकून म्हणाली, "म्हणजे बिघडलंच होतं ना, काका?"

"नाही. यंत्र बरोबर होतं. सेटिंग त्या कामाचं नव्हतं."

"म्हणजे मी म्हटलं तेच तुम्ही सांगितलंत."

"मी तपासून सांगितलं."

"नाशिकला माझे बाबा अगदी असंच बोलायचे," ती म्हणाली. कानात लगदा असूनही मीराला ते ऐकू गेले असावे, कारण तिचे खांदे हलले आणि मला उजवा साचा पुन्हा घ्यावा लागला.

संध्याकाळी अनघाचा मेसेज आला. रेकॉर्डिंग गेले होते. टून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, आणि डाव्या हातासाठी मीराला तीनदा पुन्हा वाजवायला लावले होते. मधूनमधून थांबून, पट्ट्या बदलून.

यंत्र ठीक ठरले की दोष माणसाचा, असा निष्कर्ष आमच्या धंद्यात फार लवकर निघतो. बहुधा तो माणूस खोलीत हजर नसतो आणि त्याला कुणी काही वाजवून दाखवायला सांगत नाही. तेव्हा तपासणी आणखी एक पायरी पुढे न्यावी, आणि जमल्यास ती बाहेर उघड्यावर करावी.

क्लिनिक बंद करण्यापूर्वी मी मीराचे दोन्ही साचे डबीत ठेवले. उजव्यावर लाल खूण केली, डाव्यावर निळी. डबीवर तिचे नाव आणि प्लग बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता लिहिला, आणि घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकली.