गेटच्या सुभेदारांनी घेतलेली गिनती

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात, स्वतःच्या खुर्चीतून न उठता मॅनेजर साहेबांची मीटिंग बंद पाडणारा माणूस एकच. तो मी, इथलं कम्प्युटरचं नेटवर्क सांभाळणारा.

डिस्पॅचचा लॅपटॉप मी माझ्या जागेवरून रीस्टार्ट केला. तो पंधरा दिवस सांगलीला दुरुस्तीत पडून आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता भाड्याने मिळतो; आमच्याकडे मुदत आठ दिवसांची. मुदत संपली आणि डिस्पॅचचा पत्ता साहेबांच्या नव्या लॅपटॉपला गेला. नावांची यादी मात्र वेगळी असते, डीएनएसची. तिच्यात त्या पत्त्यावर अजून डिस्पॅचच नांदत होता. मी हाक मारली डिस्पॅचला आणि मीटिंगमध्ये पाहुण्यांसमोर आडवा झाला साहेबांचा लॅपटॉप!

"पुन्हा असं झालं तर हे काम पुण्याच्या कंपनीला देईन," साहेब म्हणाले. इथली पहिली केबल मी ओढलेली. ते वाक्य फार लागलं.

त्या रागातच मी यादीची सफाई लावली : दोन दिवसांत ताजी न झालेली नोंद उडवायची. तिसऱ्या दिवशी गेटवरचे सुभेदार दारात. फौजेतून निवृत्त, पण मिशा अजून ड्यूटीवर.

"आवं सायेब, मी जित्ता हाय न्हवं?"

"दिसताय तर."

"मग गेटचा कम्प्युटर यादीत न्हाई म्हून स्टोअरची बाई का बोंबलतीया?"

चूक माझीच. भाड्याची मुदत यंत्र चौथ्या दिवशी वाढवून घेतं, नोंदही तेव्हाच ताजी होते. मी गेटला त्याआधीच मारून टाकलं होतं. सुभेदारांना हे सांगितलं, तर ते खुर्ची ओढून बसलेच.

"पलटणीत रजा संपायच्या आत कुणाचं नाव कापत न्हाईत. तुमी तर गडी गावाला पोचायच्या आत त्याचं ताट उचललं!"

"आणि रजा संपूनही आला नाही तर?"

"मग त्याच्या नावाची रोटी लाटायची न्हाई."

मी तसंच केलं. पहिले चार दिवस नोंदीला हात लावायचा नाही, पुढचे चार ती ताजी करायला, आणि तरीही नाही झाली तर सफाई. भाडं आठ दिवस, नावही आठ दिवस. परीक्षा म्हणून ट्रेनिंगचा लॅपटॉप बंद करून माझ्या कपाटात ठेवला. त्याला रजा!

दहाव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गिनती, म्हणजे पलटणीतली हजेरी. सुभेदार कवायतीच्या आवाजात नाव पुकारत, मी यंत्राला विचारत होतो.

"गेट!"

"हाजिर."

"स्टोअर! पेंट शॉप!"

सगळे हाजिर, आपापल्या पत्त्यावर. शेवटी सुभेदार गरजले, "ट्रेनिंग!"

मी ऐटीत ट्रेनिंगला रीस्टार्टचा हुकूम सोडला. साहेबांनी आपला लॅपटॉप दोन्ही हातांनी दाबून धरला, जणू तो उडणारच होता.

माझ्या पडद्यावर उत्तर आलं : या नावाचं कुणी नाही.

साहेबांचा लॅपटॉप जागचा हलला नाही. त्यांनी एकेक करून हात उचलले. "पुण्याला फोन करायची गरज नाही," ते म्हणाले आणि तीन चहा मागवले.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्याकडे मिशी नाही, म्हणून मी नुसती कॉलर ताठ केली.